रंगाखालची मस्टँग

ताजा लाल रंग, चकाकणारं क्रोम आणि बॉनेट उघडताच लख्ख धुतलेलं व्ही-एट इंजिन. साठ वर्षांपूर्वीची फोर्ड मस्टँग विकायला काढली की अमेरिकेतला विक्रेता हेच दाखवतो. गाडी खोलून पुन्हा उभी करायची असेल, तर गिऱ्हाइकाने सर्वांत कमी पैसे मोजावेत तेही याच गोष्टींसाठी. रंग कुणीही मारून देतं, इंजिन दुसरं बसवता येतं, क्रोमच्या पट्ट्या नव्याकोऱ्या मिळतात. खरी खरेदी असते ती पत्र्याची आणि त्यावर ठोकलेल्या नंबराची.

मस्टँग लोकांसमोर आली 17 एप्रिल 1964 रोजी, न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात. किंमत 2,368 डॉलरपासून पुढे. दोन वर्षांच्या आत दहा लाखावी गाडी तयार झाली. एवढ्या खपामुळे आजही जुन्या गाड्या पुष्कळ सापडतात, आणि मडगार्डपासून फ्लोअरपर्यंतचे सुटे भाग नव्याने बनतात. पहिल्यांदाच हा उद्योग करणाऱ्याला मस्टँग सोयीची पडते ती यामुळेच. बनवाबनवी करणाऱ्यालाही अर्थात तेवढीच सोयीची!

नंबर सापडतो बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर, मडगार्डच्या कडेजवळ. सतरा अक्षरांचे नंबर 1981 पासूनचे. त्याआधीच्या मस्टँगचा नंबर अकरा अक्षरी. पहिल्या अनुक्रमांकाच्या मस्टँगचा होता ५एफ०८एफ१००००१. आरंभीचा ५ म्हणजे 1965 (1964 मध्ये बनलेल्या मस्टँगवरही ५ च असतो), एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०८ म्हणजे उघड्या टपाची, पुढचा एफ म्हणजे 260 घनइंची व्ही-एट आणि शेवटी अनुक्रमांक. दाखवण्यासाठी पाठवलेली ही गाडी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या विक्रेत्याने स्टॅन्ली टकर नावाच्या वैमानिकाला विकूनही टाकली होती. फोर्डने ती परत मिळवली 1966 मध्ये, बदल्यात दहा लाख एकावी मस्टँग देऊन. आता ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

कारखान्याची आणखी दोन अक्षरं आर आणि टी. आर म्हणजे सॅन होजे. पण तो कारखाना होता शेजारच्या मिलपिटसमध्ये, आणि त्याच इमारतीत आज ग्रेट मॉल आहे. टी म्हणजे मटचन. हा कारखाना प्रत्यक्षात न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये होता, 2004 मध्ये बंद पडला. दोन्ही गावांत मराठी घरं भरपूर, पण आपण खरेदी करतो तिथे कधीकाळी मस्टँग जोडल्या जात, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे. आर वाचून गाडी कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत वाढली असं मात्र धरू नये. जन्म तिथला असला तरी पुढची तीस वर्षं बर्फासाठी मीठ टाकलेले रस्ते तुडवण्यात गेली असतील.

बॉडीचा आकडा नीट बघावा. ०७ म्हणजे साध्या टपाची, ०९ म्हणजे मागे उतरत्या टपाची फास्टबॅक. फास्टबॅकला भाव जास्त, म्हणून साध्या गाडीला कापून तिचं रूप देणारेही आहेत. नंबर ०७ च राहतो. इंजिनाच्या अक्षरांत सर्वांत मौल्यवान के, 271 अश्वशक्तीचं. टी म्हणजे सहा सिलिंडरचं साधं इंजिन. तिथे व्ही-एट दिसलं तर चाकांकडे वळावं: सहा सिलिंडरच्या गाडीला चाकामागे चार बोल्ट, व्ही-एटला पाच. व्ही-एट घालून चार बोल्ट तसेच ठेवले असतील तर ब्रेकही जुनेच, नाजूक. जीटी या महागड्या आवृत्तीची गोष्ट आणखी अवघड. 1965-66 च्या नंबरात जीटीची खूणच नसते आणि ग्रिलमधले दिवे व जोड सायलेन्सर कुणालाही बसवता येतात, त्यामुळे नुसत्या बिल्ल्याला जादा पैसे देणं मला तरी पटत नाही. दारावरच्या रिव्हेट मारलेल्या पट्टीवरही बॉडी, रंग आणि तारीख असते. पण दार बदलता येतं, पट्टीही नवी बनवून मिळते. कागदपत्रांवरचा नंबर आतल्या पत्र्याशी जुळला नाही, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी तिथून निघावं.

आता गंज. पुढच्या काचेखाली जाळीच्या आत दोन पत्र्यांची पोकळी असते. हवा आत यावी आणि पावसाचं पाणी बाजूंनी निघून जावं यासाठी. तिथे पानं साचतात, ओल धरते आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून काहीच दिसत नाही. तांब्याभर पाणी जाळीवर ओतावं आणि डॅशबोर्डखाली हात घालून बघावं. हात ओला झाला तर मडगार्ड उतरवून डझनावारी स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवावे लागणार. कुजलेल्या फ्लोअरला लोक फार घाबरतात. खरं तर तो पत्रा स्वस्तात मिळतो. तो का कुजला, हे विचारायला हवं. बहुतेकदा उत्तर वरच्या या पोकळीत असतं, आणि ती तशीच ठेवून घातलेला नवा फ्लोअरही काही पावसाळ्यांत जातो.

वेगळी चासी नाही, त्यामुळे सगळा भार पत्र्यावरच. उघड्या टपाच्या गाडीत तर दाराखालच्या पेटीसारख्या पट्ट्यांवर. दाराची फट खाली रुंद आणि वर अरुंद दिसली, तर गाडी मधोमध खचली आहे. मागच्या मडगार्डच्या खालच्या भागावर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवावं. चिकटलं नाही तिथे पुट्टीचा थर आहे.

1967 पासूनच्या गाड्यांसाठी आणखी एक आधार आहे, मार्टी रिपोर्ट. फोर्डच्या उत्पादन-नोंदींवरून गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात, कोणत्या साहित्यासह निघाली ते त्यात कळतं. आधीच्या मस्टँगना ही सोय नाही. नंबराचं मोल किती, ते एका उदाहरणावरून कळतं. ‘बुलिट’ चित्रपटासाठी वापरलेल्या दोन हिरव्या 1968 फास्टबॅकपैकी एक 2017 मध्ये मेक्सिकोत सापडली. घेणाऱ्यांना तिची दुसऱ्याच एका सिनेमातल्या मस्टँगची नक्कल करायची होती. नंबर तपासल्यावर ओळख पटली आणि ते काम थांबलं. दुसरी, चित्रपटाचा नायक स्टीव्ह मॅक्क्वीनने चालवलेली, 1974 मध्ये जाहिरात वाचून एका कुटुंबाने 6,000 डॉलरला घेतली आणि घरगुती वापराला काढली. पुढे मॅक्क्वीनने स्वतः मागूनही त्यांनी ती दिली नाही. जानेवारी 2020 मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ती शुल्कासह 37 लाख 40 हजार डॉलरला गेली, तोवरच्या कुठल्याही मस्टँगपेक्षा महाग. रंग उडालेला, पत्र्यावर गंज आणि पोचे तसेच होते.