बूस्ट गेजचा काटा इंजिनाबद्दल सांगतोय की नळीबद्दल?

गळीत हंगामात युसूफ वडगावच्या बाजूने उसाचे ट्रक जाताना ऐकलेत कधी? चढाला लागले की इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक शिट्टी चढते. तो टर्बो. तो इंजिनात हवा दाबून भरतो, आणि ती किती दाबली जातेय हे दाखवतो बूस्ट गेज. बऱ्याच डिझेल गाड्यांमध्ये पूर्ण लोडवर हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ ते १.५ बार जास्त असतो.

गेज बाजारात मिळतो, पण खरा प्रश्न सुरू होतो तो इंटेक मॅनिफोल्डपासून डॅशबोर्डपर्यंत आणायच्या दीडदोन मीटर नळीपाशी. संशोधनाला लागणाऱ्यांसाठी हे मी मुद्दाम लिहितोय. प्रयोगशाळेत सेन्सरवर आपण महिनाभर चर्चा करतो आणि नळी मात्र कपाटात जी सापडेल ती लावतो. खरं तर गेजला मॅनिफोल्ड दिसतच नाही. त्याला फक्त नळीचं दुसरं टोक दिसतं.

यांत्रिक गेजच्या आत एक चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरवते. युजीन बूर्दाँ या फ्रेंच इंजिनिअरने १८४९ मध्ये हिचं पेटंट घेतलं, आणि आजही गॅरेजच्या कॉम्प्रेसरवर तीच असते. टर्बोवाल्यांत एक समज पक्का आहे: बारीक नळी घेतली की काटा उशिरा हलतो. चला, हिशेब करून बघू.

दोन मीटर लांब, आतून २ मिमी व्यासाची नळी घ्या. तिच्यात मावते सुमारे ६ मिली हवा. गेजमधली थोडी धरली तरी एकूण १० मिली. नळीचा विरोध प्वाझयच्या सूत्राने काढला आणि २ बार निरपेक्ष दाब धरला, तर ही जागा भरायला लागणारा वेळ येतो ५ मिलिसेकंदांच्या आसपास. आतला व्यास ४ मिमी केला तर विरोध १६ पटीने कमी होतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. टर्बोला स्वतःला दाब बनवायला मात्र सेकंदभर लागू शकतो. म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांना या दोन नळ्यांत काहीच फरक कळणार नाही. (प्रत्येक सिलिंडरच्या झडपेबरोबर बदलणारा दाब मोजायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नळी विसरा, सेन्सर मॅनिफोल्डवरच बसवा.)

मग नळीने फरक पडतो कुठे? पहिली जागा म्हणजे काट्याची थरथर. एका टोकाला गेजने बंद झालेली २ मीटर नळी बासरीसारखी वागते, आणि तिची मूळ वारंवारता येते ४३ हर्ट्झच्या जवळ. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन सिलिंडर हवा ओढतात. म्हणजे १३०० आरपीएमच्या आसपास बरोबर तेवढेच धक्के बसतात आणि काटा नाचायला लागतो. यावर गॅरेजमधला उपाय म्हणजे मॅनिफोल्डच्या टोकाला बारीक भोकाचा अडथळा घालणं. कार्बुरेटरचा जुना जेटही चालतो. काटा शांत होतो.

पण इथेच एक मेख आहे. समजा गेजच्या टोकाला नळी सैल आहे आणि अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी गळती होतेय. अडथळा नसलेल्या ४ मिमी नळीत १ बार बूस्टवर काट्यात पडणारा फरक एक टक्क्याच्याही आत असतो, म्हणजे दिसणारच नाही. मात्र अडथळ्याचं भोकही अर्ध्या मिलिमीटरचं असेल तर १ बारच्या जागी गेज दाखवेल जेमतेम ०.५५ बार! इंजिन ठणठणीत, टर्बो ठणठणीत, आणि मालकाला मात्र सांगितलं जातं, "टर्बो गेला." ऐन हंगामात ट्रक उभा राहतो आणि टर्बोच्या खर्चाचा आकडा वेगळाच. थरथर घालवायला जे लावलं त्यानेच गळती मोठी करून दाखवली, हे काट्याकडे बघून कुणालाच कळत नाही.

आता नळी कशाची घ्यायची ते बघू. आपल्याकडे हाताशी दोन नळ्या असतात: गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाईप आणि ठिबकची मायक्रोट्यूब. दोन्ही बॉनेटखाली नकोत. पहिली पीव्हीसीची, दुसरी पॉलिथिनची. इंजिनाजवळचं तापमान सहज ८०-१०० अंशांवर जातं, तिथे दोन्ही मऊ पडतात आणि सांध्यावरची पकड सुटते. सिलिकॉन २०० अंशांपर्यंत टिकतं, पण इंटेकमध्ये क्रँककेसमधून आलेला तेलाचा ओलावा असतो, त्याने ते फुगतं. शिवाय पेट्रोल गाडीत आयडलला मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो, आणि पातळ भिंतीची सिलिकॉन नळी त्यात चपटी होऊ शकते. टेफ्लॉनला तेल, उष्णता कशाचंच काही वाटत नाही, पण ते इतकं गुळगुळीत असतं की खाचांच्या निपलवर धरत नाही; त्याला फेरूलचं फिटिंग लागतं. तांब्याची नळी हादऱ्यांनी कडक होऊन तडकते.

माझं मत विचाराल तर नायलॉन. ट्रकच्या एअर ब्रेकच्या लाइनमध्ये वर्षानुवर्षं तेच असतं, स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतं, फिटिंगही मिळतात. फक्त एक्झॉस्ट आणि टर्बोच्या गरम बाजूपासून लांबून न्या, आणि बॉनेट-केबिनमधल्या पत्र्यातून आत घेताना रबरी ग्रोमेट घाला, नाहीतर पत्र्याची धार तिला हळूहळू कापते.

दाब कुठून घ्यायचा, यात सगळ्यात जास्त जपायला हवं. वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरकडे जाणारी छोटी नळी समोरच दिसते, म्हणून तिलाच टी लावायचा मोह होतो. लावू नका. वेस्टगेट हा टर्बोचा जास्तीचा दाब सोडणारा दरवाजा. तुमची नळी गळली तर ॲक्च्युएटरपर्यंत कमी दाब पोचतो, दरवाजा उशिरा उघडतो आणि इंजिनात ठरल्यापेक्षा जास्त बूस्ट जातो. जुन्या डिझेल गाड्यांत फ्युएल पंपाच्या बूस्ट कॉम्पेन्सेटरला जाणाऱ्या नळीचं उलटं: तिथे गळती झाली तर डिझेल कमी पडतं आणि गाडी चढाला मरगळते. मोजायला लावलेली वस्तू मोजल्या जाणाऱ्या गोष्टीलाच बदलते, याचं यापेक्षा साधं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून मॅनिफोल्डवरच स्वतंत्र निपल घ्या.

बसवून झालं की इंजिन सुरू करण्याआधी मॅनिफोल्डकडचं टोक काढून त्याला सायकलचा पंप जोडा, १ बार भरा आणि पंपाजवळ नळी चिमट्याने बंद करा. दहा मिनिटं काटा बघा. उतरला तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. हीच तपासणी इंजिन गरम असताना पुन्हा करा, कारण थंडीत घट्ट वाटणारा सांधा गरम झाल्यावर सैल पडतो. आणि वहीत गेजच्या मॉडेलशेजारी नळीचा पदार्थ, आतला व्यास, लांबी आणि अडथळ्याचं भोक लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आकडे जुळले नाहीत तर पहिल्यांदा तेच पान उघडावं लागेल.