इंद्राणीला भूगोल सांगणारी कुरवंजी

तंजावूरच्या मराठी दरबारात सुमारे दोनशे वर्षांपूर्वी रचल्या गेलेल्या एका नाटकात देवराज इंद्राच्या पत्नीपुढे पृथ्वीचे वर्णन केले जाते. वर्णन करणारी व्यक्ती ऋषी नाही, ज्योतिषी नाही आणि शास्त्री तर मुळीच नाही. ती डोंगरातून उतरलेली, हात पाहून भविष्य सांगणारी भटकी स्त्री आहे. मात्र तिच्या तोंडी आहे तो पुराणांतील सप्तद्वीपांचा भूगोल नसून, युरोपीय नकाशांवरून घेतलेला खंडांचा आणि देशांचा भूगोल आहे.

‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्या नाटकाचे नाव. भाषा मराठी, रचनेचा घाट तमिळ आणि विषय पाश्चात्त्य. कर्ता म्हणून नाव आहे खुद्द राजाचे, म्हणजे सरफोजी (दुसरे) भोसले यांचे. तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने ते पुढे छापून प्रसिद्ध केले.

नव्या यंत्रांचा आणि नव्या विद्यांचा छंद जडलेली मंडळी आज संगणक आणि मोबाइलच्या निमित्ताने सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. बारीकसारीक तपशिलांचा त्यांचा हट्ट, एकमेकांची थट्टा करण्याची हौस आणि प्रत्येक गोष्टीवरील ठाम मत, हे सारे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कावेरीच्या काठीही होते. ते समजून घेण्यासाठी आधी या कुरवंजीकडे पाहावे लागते.

कुरवंजी म्हणजे काय?

कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार आहे. त्याचे कथानक बहुधा ठरलेले असते. मिरवणुकीतून जाणाऱ्या देवाला किंवा राजाला नायिका पाहते आणि त्याच्या विरहाने झुरू लागते. तेवढ्यात कुरव जमातीतील भविष्य सांगणारी स्त्री येते. आपला डोंगर किती उंच, तेथील झरे किती गोड, आपण कोणकोणते मुलूख पायाखाली घातले, याची ती भरपूर बढाई मारते आणि मग नायिकेचा हात पाहून शुभ भविष्य सांगते. शेवटी तिचा शिकारी नवरा तिला शोधत येतो आणि तिच्या अंगावरील नवे दागिने पाहून एकेका दागिन्याविषयी उलटतपासणी सुरू करतो. प्रेक्षक हसतात ते येथे.

सरफोजींनी नेमकी बढाईची जागा हेरली, असे हे नाटक पाहता वाटते. मुलूख पाहिल्याच्या फुशारक्या मारणे हा कुरवंजीचा हक्कच असतो. मग तिने काशी-रामेश्वरावर का थांबावे? देशांच्या नावांची यादी पाठ म्हणणारा विद्यार्थी कंटाळवाणा वाटतो. तीच यादी ठसक्यात म्हणणारी भटकी बाई मात्र रंगभूमी जिंकते. पांडित्याला विनोदाचे वस्त्र चढविण्याची ही युक्ती दरबाराबाहेरही चालली. सरफोजींप्रमाणेच जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्या हाताखाली शिकलेले तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायक शास्त्री यांनी ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. तिच्यातही नव्या खगोलाला आणि भूगोलाला स्थान आहे. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी, एकाने मराठीत आणि दुसऱ्याने तमिळमध्ये, एकाच गमतीदार पात्राकडून नवी विद्या वदवून घ्यावी, हा योगायोग खचितच नसावा.

राजावरही कुरवंजी रचली गेली, हे येथे नमूद करावयास हवे. तमिळ कवी शिवक्कोळुंदु देशिकर यांच्या ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’चे नायक सरफोजीच आहेत.

पंडितांच्या मतावर सिंहासन

सरफोजींना बारीक तपशिलांचे एवढे वेड का, याचे एक कारण त्यांच्या बालपणात सापडू शकते. तुळजाराजे यांनी १७८७ साली, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले. मुलाचे वय आणि त्याचे जन्मदात्याचा एकुलता एक मुलगा असणे यांवर धर्मशास्त्राच्या आधारे आक्षेप घेण्यात आले. पंडितांची मते मागविण्यात आली. ती दत्तकाच्या विरोधात गेली आणि ईस्ट इंडिया कंपनीने तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांना गादीवर बसविले. पुढे काशी आणि बंगालमधील पंडितांनी उलट निर्वाळा दिला व १७९८ साली सरफोजी राजे झाले. शब्दाच्या काथ्याकुटाने ज्याचे राज्य एकदा गेले आणि एकदा परत आले, त्याला शब्दांची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

परंतु हाती आलेले राज्य फार काळ राहिले नाही. ऑक्टोबर १७९९ मधील तहाने कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावूरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. सरफोजींनी यापुढची तेहेतीस वर्षे ग्रंथ, उपकरणे, औषधशाळा, शाळा आणि छापखाना यांत घालविली. तंजावूरचे माजी रेसिडेंट बेंजामिन टोरिन हे लंडनहून त्यांच्यासाठी पुस्तके आणि उपकरणे धाडीत. सरस्वती महालात आजही लाव्हाझिएचा रसायनशास्त्रावरील फ्रेंच ग्रंथ आहे आणि डॉ. जॉन्सन यांच्या इंग्रजी कोशाची १७८४ ची प्रत आहे. शार्ल ल ब्राँ या फ्रेंच चित्रकाराची, माणसांचे चेहरे आणि प्राण्यांचे चेहरे यांतील साम्य दाखविणारी चित्रेही तेथे पाहावयास मिळतात. घुबडासारखा माणूस आणि माणसासारखे घुबड शेजारी शेजारी पाहून दरबारात कोणाकोणाची आठवण निघाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

बिशपचे प्रमाणपत्र

कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर मार्च १८२६ मध्ये तंजावूरला आले. तेथील मुक्कामानंतर लिहिलेल्या पत्रात त्यांनी सरफोजींची केलेली स्तुती प्रसिद्ध आहे. हा हिंदू राजा लाव्हाझिए, लिनिअस आणि बुफाँ यांचे दाखले सहज देतो, शेक्सपिअरविषयीची त्याची जाण लॉर्ड बायरनच्या मतापेक्षा अधिक अचूक आहे आणि तो इंग्रजीत कविताही करतो, असा त्या मजकुराचा आशय आहे. घोड्यांची पारख आणि वाघावरील नेम यांबद्दलही बिशपमहाशयांनी शाबासकी दिली आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल रोजी, तिरुचिरापल्ली येथे त्यांचे निधन झाले.

हे वर्णन सरफोजींच्या गौरवार्थ नेहमी उद्धृत केले जाते. मात्र ते बारकाईने वाचल्यास त्यात एक मंद हसूही ऐकू येते. शास्त्रज्ञांची नावे घेणारा देशी राजा ही बिशपच्या दृष्टीने नवलाची वस्तू आहे, आणि बायरनला मारलेली कोपरखळी हा पत्रलेखनातील खेळ आहे. इंग्रजी कवितेचा भाग मात्र निव्वळ शिष्टाचाराचा नाही. श्वार्ट्झ यांच्या थडग्यावरील इंग्रजी ओळी सरफोजींनीच रचलेल्या आहेत.

मतांच्या बाबतीत वेदनायक शास्त्री राजाहून कडवे निघाले. तमिळ बायबलच्या प्रचलित भाषांतरात नव्या मिशनऱ्यांनी शब्द बदलण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली. जुन्या, कानांत बसलेल्या शब्दांना हात लावण्याचा अधिकार नवागतांना कोणी दिला, हा त्यांचा रोख होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आनंदाने गाणारा माणूस एका शब्दाच्या बदलावर असा उसळतो, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. नवे यंत्र स्वीकारणारे आणि त्याच यंत्रावरील जुने अक्षर बदलले म्हणून भांडणारे बहुधा तेच लोक असतात.

‘पहिले’ पुस्तक कोणते?

सरफोजींच्या पश्चातही तंजावूरने उत्साही अभ्यासकांना वादाला विषय पुरविले. त्यांपैकी सर्वांत रंगतदार वाद छपाईचा आहे. सरफोजींच्या ‘नवविद्याकलानिधी’ छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक बाहेर पडले. इसापच्या गोष्टींचे हे मराठी भाषांतर सख्खण पंडित यांनी केले होते. मराठीतील पहिले छापील पुस्तक म्हणून त्याचा उल्लेख अनेकदा होतो आणि तो होताच कोणीतरी हात वर करतो.

हात वर करणाऱ्यांकडे पुरावे आहेत. बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले. यावर तंजावूरचे कैवारी म्हणतात, ते मराठीविषयीचे इंग्रजी पुस्तक आहे, मराठी पुस्तक नव्हे. बरे, मग मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली भगवद्गीता? ती संस्कृत आहे, आणि सुट्या खिळ्यांची छपाई नाही. तेवढ्यात गोव्याची आठवण करून देणारा उठतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीतच आहे आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्यावर उत्तर येते, पण रोमन लिपीत. सेरामपूरलाच १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीतून छापले गेले, हा मुद्दा पुढे आला की तंजावूरच्या पक्षाला विशेषणांची संख्या वाढवावी लागते.

मुळात ‘पहिले’ या शब्दापुढे भाषा, लिपी, तंत्र आणि छापणारा यांपैकी काय धरावयाचे, हे ठरविल्याखेरीज या प्रश्नाला उत्तरच नाही. सारी विशेषणे लावल्यावर तंजावूरच्या वाट्याला जे उरते, ते आमच्या मते ‘पहिले’पणापेक्षा मोलाचे आहे. धर्मप्रसारासाठी नव्हे, कंपनीच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकविण्यासाठीही नव्हे, तर एका देशी राजाने स्वतःच्या छापखान्यात, देवनागरी लिपीत, मुलांसाठी गोष्टींचे मराठी पुस्तक छापले. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती येण्यास १८२८ साल उजाडावे लागले. गणपत कृष्णाजी यांचे छापील पंचांग तर १८३१ चे. महाराष्ट्रातील वाचकांना तंजावूरचे पुस्तक फारसे ठाऊकच नव्हते, ही या वादातील खरी खेदाची बाब आहे.

बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरील मराठी शिलालेखाची गोष्टही अशीच. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा हा लेख सरफोजींनी १८०३ साली कोरविला. ‘जगातील सर्वांत मोठा शिलालेख’ असे त्याचे वर्णन ऐकू येते. मंडालेतील ७२९ संगमरवरी शिळांचे उदाहरण दिले की ‘एकाच इमारतीवरील’, ‘इतिहासविषयक’ अशी पुस्ती जोडली जाते. लेख वाचणाऱ्यांपेक्षा मोजणारेच जास्त आहेत की काय, असे कधी कधी वाटते.

मोडी आणि संगणक

वाचण्याचा प्रश्न मोडी कागदांबाबत अधिक बिकट आहे. तंजावूरच्या मराठी राज्याचे मोडी दप्तर शेकडो रुमालांत बांधलेले आहे. सरफोजींच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदीही उपलब्ध असून, त्यांत रुग्णाची तक्रार, डोळ्याचे रंगीत चित्र आणि केलेले उपचार यांचा तपशील आढळतो. राजाने स्वतः शस्त्रक्रिया केल्याच्या कथा मोठ्या उत्साहाने सांगितल्या जातात. नोंदींचे महत्त्व मात्र रुग्णागणिक ठेवलेल्या टिपणांत आहे. राज्य नसलेल्या राजाचा हा पोरखेळ होता, असे म्हणणाऱ्यांनी ही पाने अवश्य पाहावीत.

मोडी ही स्वतंत्र लिपी की देवनागरीचेच धावते वळण, हा जुना वाद संगणकाच्या युगात पुन्हा उभा राहिला. वळण म्हणावे तर वेगळा फाँट पुरे. लिपी म्हणावे तर तिच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक हवा. अक्षरांची जोडणी, काना-मात्रांची रूपे आणि न उचललेल्या लेखणीची रेघ यांवर खल झाला. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला ७९ चिन्हांसह स्वतंत्र जागा देण्यात आली. संगणकावर मोडी मजकूर मोडी म्हणूनच साठविणे त्यामुळे शक्य झाले आहे. रुमाल सोडून मूळ कागद वाचण्यासाठी मात्र अजूनही मोडी जाणणारा माणूसच लागतो.