उंबऱ्याच्या आतली प्रदक्षिणा

आमच्या स्वयंपाकघराच्या दारात काळ्या कडप्प्याची एक पट्टी आहे, वीतभर रुंद. फरशी पुसणारं स्वयंचलित यंत्र घरी आणलं त्या पहिल्याच दिवशी ते बाहेरची खोली पुसत पुसत त्या पट्टीपर्यंत आलं, थबकलं, मागं सरलं आणि तोंड फिरवून निघून गेलं. थोड्या वेळानं परत आलं, परत तसंच. आई म्हणाली, "त्याला तिथं खड्डा दिसतोय का काय?"

आईचं म्हणणं शब्दशः खरं होतं. यंत्राच्या पोटाखाली पुढच्या कडेला तीन-चार बारीक डोळे असतात. प्रत्येकात एक इन्फ्रारेड दिवा आणि त्याच्या शेजारी प्रकाश टिपणारा ग्राहक. दिव्याचा किरण फरशीवर पडून परत आला की यंत्राला कळतं, खाली जमीन आहे. पायरीच्या कडेला किरण परत येत नाही आणि यंत्र जागच्या जागी थांबतं, म्हणून ते जिन्यावरून गडगडत नाही. काळा, घोटलेला कडप्पा या किरणाचा मोठा भाग पिऊन टाकतो. उरलेला आरशावरून निसटावा तसा तिरका निघून जातो, ग्राहकापर्यंत पोचतच नाही. यंत्राच्या हिशेबी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात कडा तुटलेला आहे. काही यंत्रं परतलेल्या प्रकाशाच्या प्रमाणाऐवजी त्याच्या कोनावरून अंतर मोजतात, ती सहसा फसत नाहीत. आमचं फसतं. त्या डोळ्यांवर पांढरा कागद चिकटवायचा उपाय बरेच जण सांगतात. तो करू नका. आमचं घर जुन्या पंढरपुरात आहे आणि इथली घरं जोत्यावर उभी आहेत. दारातून दोन-तीन पायऱ्या उतरल्याशिवाय रस्ता येत नाही, आणि डोळे बांधलेलं यंत्र बिनउंबऱ्याच्या पहिल्याच उघड्या दारातून खाली जाईल.

हे यंत्र वापरायला लागल्यापासून मी स्वतःच्या घराची जमीन पहिल्यांदा नीट पाहिली. मागच्या पडवीत शहाबादी आहे, मधल्या खोलीत मोझॅक आणि नव्यानं बांधलेल्या पुढच्या खोलीत व्हिट्रिफाइड टाइल. त्याआधी सगळीकडे शेणानं सारवलेली जमीन होती, असं आई सांगते. शहाबादी येते सोलापूरच्या पलीकडून, त्याच रेल्वेमार्गावरच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून. कडप्पा येतो आंध्रातून. दोन्ही मुळात चुनखडीचे दगड. त्यामुळे ॲसिडच्या बाटलीतला थेंब त्यांच्यावर पडला की फसफसतो: ॲसिड दगडातलं कॅल्शियम कार्बोनेट खातं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि तिथला घोट कायमचा जातो. व्हिनेगर किंवा लिंबू यंत्राच्या टाकीत घालायचा सल्ला टाइलच्या घरापुरता बरा असेल, शहाबादीवर तोच सल्ला रोज थोडा थोडा दगड झिजवतो.

घरात फिरणाऱ्या झाडूची कल्पना तशी जुनीच. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सनं 1996 मध्ये नमुना दाखवला आणि 2001 मध्ये 'ट्रायलोबाइट' नावानं तो विकायला काढला. 2002 मध्ये अमेरिकेतल्या आयरोबोट कंपनीची 'रूम्बा' आली आणि त्याच कंपनीनं 2005 मध्ये फरशी धुणारी 'स्कूबा' जाहीर केली. कोरडा केर ओढायचा, पाणी सोडायचं, घासायचं, घाण पाणी परत ओढून घ्यायचं, ही चारही कामं स्कूबा एका फेरीत करायची. आज आपल्याकडे पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत अशी यंत्रं मिळतात.

पहिल्या पिढीतली बहुतेक यंत्रं नकाशाशिवायच हिंडायची. भिंतीला टेकायचं, वळायचं, दुसरीकडे जायचं. आयरोबोटच्या संस्थापकांपैकी एक, एमआयटीचे रॉडनी ब्रुक्स, यांचं म्हणणं होतं की किड्याला जगाचा नकाशा लागत नाही. साध्या साध्या सवयी एकीवर एक रचल्या तरी तो आपला मार्ग काढतो. ते खरंच होतं, पण खोलीतली एक जागा चारदा पुसली जायची आणि दुसरी राहून जायची. आजच्या यंत्राच्या डोक्यावर एक छोटी घुमटी असते. तिच्यातला लेझर सेकंदाला पाचेक वेळा गरकन फिरतो आणि चारी बाजूंच्या भिंती, पलंगाचे पाय, गॅसची टाकी किती लांब आहे ते मोजतो. त्यातून नकाशा तयार होतो. अडचण अशी, की नकाशा काढायचा तर आपण कुठे आहोत ते माहीत हवं आणि आपण कुठे आहोत ते कळायचं तर नकाशा हवा. रोबोटशास्त्रातला हा मोठा प्रश्न, आणि ही दोन्ही कामं एकाच वेळी करणं हे त्याचं उत्तर.

पंढरीत पहिल्यांदा आलेल्या माणसाला हे मी असं समजावीन. तो महाद्वारापाशी नामदेव पायरीचं दर्शन घेऊन प्रदक्षिणेच्या वाटेला लागतो. पावलं मोजतो, वळणं लक्षात ठेवतो. पण गर्दीत पाऊल कमीजास्त पडतं, एखादं वळण काटकोनाचं वाटतं पण नसतं, आणि चौफाळ्याच्या पुढे त्याच्या मनातला नकाशा चांगलाच वाकडा झालेला असतो. यंत्राची चाकंही ओल्या फरशीवर अशीच घसरतात आणि अंतराची चूक साठत जाते. मग फिरत फिरत अचानक समोर तीच नामदेव पायरी येते. त्या क्षणी त्याला फक्त आपली जागा कळते असं नाही. मागचा सगळा रस्ता मनातल्या मनात सरळ होतो, कारण सुरुवात आणि शेवट एकच आहे हे आता पक्कं झालं. यंत्र नेमकं हेच करतं. ओळखीचा कोपरा परत दिसला, फेरा जुळला, की साठलेली चूक ते सगळ्या वाटेवर वाटून टाकतं आणि नकाशा एका झटक्यात सुधारतो. मोबाइलवर तो नकाशा वळवळून सरळ होताना मी पाहिला आहे आणि मला तो फार सुंदर वाटतो. आमचं यंत्र खोलीच्या कडेकडेनं आधी एक पूर्ण फेरी घालतं, मग मधली जागा शेतातल्या तासांसारखी ओळीनं भरतं. आरसा मात्र त्याला चकवतो. जमिनीपर्यंत आलेल्या आरशातून लेझर परततो तो पलीकडे खोली असल्यासारखा, आणि आमच्या नकाशात कपाटामागे अर्धी खोली उगवली होती.

नकाशापेक्षा महत्त्वाचं पाणी. 'धुणारं' यंत्र म्हणतात तेव्हा किती पाणी, हा प्रश्न विचारायला हवा. आमच्या यंत्राच्या पोटातली टाकी सुमारे 300 मिलिलिटरची आहे आणि तेवढ्यात ते साधारण 60 चौरस मीटर पुसतं. म्हणजे चौरस मीटरला 5 मिलिलिटर, एक चमचाभर. ते सारखं पसरलं तर थराची जाडी भरते मिलिमीटरचा दोनशेवा भाग, आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. एवढ्या पातळ थरात रोजची धूळ सुटते. चंद्रभागेच्या वाळवंटातून पायाला लागून आलेला आणि वाळलेला चिखल सुटत नाही. त्याला भिजायला वेळ लागतो आणि हा थर आपल्या हवेत मिनिटा-दोन मिनिटांत उडून जातो. शिवाय हाताचा जोर. गुडघ्यावर बसून फडकं दाबणारी बाई आपल्या अंगाचं बरंच वजन फडक्यावर टाकते, तर फिरत्या पोछ्यांच्या यंत्राचा दाब साधारण किलोभराच्या आसपास असतो. यंत्र ती उणीव एकाच जागी अनेकदा फिरून भरून काढतं. रुळासारखा पोछा असलेली नवी यंत्रं, आमचंही त्यातलंच, आणखी एक गोष्ट नीट करतात: रूळ फिरताना त्यावर सतत ताजं पाणी पडतं आणि एक पातळ पट्टी घाण पाणी खरवडून वेगळ्या टाकीत नेते. बादलीत तेच फडकं पुन्हा पुन्हा पिळण्यापेक्षा हे निश्चित चांगलं, कारण धुणं म्हणजे मळ जागेवरून सोडवून घराबाहेर नेणं. नुसता सोडवला तर तो सगळीकडे सारखा पसरतो.

आणि त्या बाईचे गुडघे. गुडघ्याच्या वाटीपुढे एक छोटी पिशवी असते, सांध्यावरची कातडी सहज सरकावी म्हणून. रोज तासन्‌तास कठीण फरशीवर गुडघे टेकले की ती सुजते. इंग्रजीत या दुखण्याला मोलकरणीचा गुडघा असंच नाव आहे. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी उठताना एक हात भिंतीला लावतात, ते मी वर्षानुवर्षं बघत होतो. यंत्र घ्यायचं ठरवलं ते त्यासाठी. मावशींचं काम आणि पगार दोन्ही तसंच आहे. आता त्या बसून पुसत नाहीत एवढंच. कोपऱ्यात यंत्र पोचत नाही हे पहिल्यांदा त्यांनीच दाखवलं. "गोल हाय ना ते, कोपरा राहणारच की," त्या म्हणाल्या. हिशेब केला तर साडेसतरा सेंटीमीटर त्रिज्येच्या गोल यंत्राकडून प्रत्येक काटकोनी कोपऱ्यात सुमारे 66 चौरस सेंटीमीटर जागा सुटते. ती आता मावशी लांब दांड्याच्या पोछ्यानं उभ्यानं पुसतात.

पाणी कुठलं घालायचं, यावर मी पहिले तीन महिने चूक केली. पिण्याच्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी फरशीला वापरणं ही बऱ्याच घरांतली चांगली सवय. पण ते पाणी म्हणजे मूळ पाण्यातले क्षार एकत्र गोळा केलेलं पाणी. आमच्याकडे बोअरचं पाणी मुळातच जड. फरशीवर पांढुरके ओघळ दिसू लागले आणि यंत्रातली पाणी सोडणारी बारीक भोकं चुनखडीनं बुजली. पाणी उडून जातं, क्षार जात नाहीत. बादलीनं धुतलं की त्यातले पुष्कळसे मोरीतून निघून जातात. चमचाभर पाण्याच्या पुसण्यात ते फरशीवरच बसतात. आता पावसाळ्यात पागोळीचं पाणी गाळून ठेवतो, एरवी नळाचं.

पंढरपूरच्या घरात धुळीबरोबर बुक्का असतो, कुंकू असतं, प्रसादाचे चुरमुरे असतात, हाराचा दोरा असतो. चुरमुरे हलके, ते सहज ओढले जातात. दोरा फिरत्या कुंच्याच्या आसाला गुंडाळतो आणि कात्रीनं कापून काढावा लागतो. बुक्का सगळ्यात अवघड: इतका बारीक, की कोरडा ओढला तर गाळणी भरून टाकतो आणि आधी ओला केला तर फिकट टाइलवर काळी रेघ उमटते. म्हणून देवघरासमोर आम्ही एक फेरी पोछा उचलून नुसती केराची करतो, गाळणी झटकतो आणि मगच पुसायला लावतो. हळदीचं शास्त्र तर या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कर्क्युमिन, अल्कधर्मी पदार्थ भेटला की लाल होतं. हळदीपासून कुंकू करण्यामागे तेच आहे. देवघरापुढची हळद पुसलेला पोछा साबणानं धुतला तर तो लालभडक होतो, त्यात यंत्राचा काही दोष नाही. भरपूर पाण्यानं खळबळून उन्हात टाकला की दोन दिवसांत डाग फिका पडतो, कारण कर्क्युमिन उन्हात टिकत नाही.

समईची गोष्ट मात्र गंभीर आहे. जमिनीवर ठेवलेली तेवती समई यंत्राला टेबलाच्या पायासारखीच एक वस्तू. नकाशावर बोटानं चौकोन ओढून देवघर आणि दारातली रांगोळी या दोन जागा कायमच्या वर्ज्य करून ठेवा आणि दिवा लागलेला असताना यंत्र सुरूच करू नका. कॅमेऱ्याचं यंत्र घेतानाही दोनदा विचार करावा. चाचणीसाठी दिलेल्या यंत्रांनी घरांत टिपलेली खासगी छायाचित्रं बाहेर फुटल्याचं 2022 मध्ये उघड झालं. आम्ही नुसत्या लेझरचं घेतलं.

उंबऱ्याचा प्रश्न सोपा, उत्तर महाग. बहुतेक यंत्रं दोन सेंटीमीटरपर्यंत चढतात, काही नवी यंत्रं चाकं उचलून चार किंवा त्याहूनही जास्त. आमचा सागवानी उंबरा चार बोटांचा, तो आमच्या यंत्राच्या आवाक्यात नाही आणि यंत्रासाठी तो काढायचा नाही, हे घरात सगळ्यांचं ठरलेलं आहे.

आषाढीच्या आधी दोन दिवस यंत्र माळ्यावर जातं. घरात वीस-बावीस वारकरी उतरतात. सतरंज्या, वळकट्या, पखवाज, तुळशीच्या कुंड्या, वाळत घातलेली धोतरं. जमीन दिसतच नाही, ती अंथरूण होते, पंगत होते, भजनाची जागा होते. ज्या घरांसाठी हे यंत्र प्रथम घडवलं गेलं तिथली माणसं खुर्चीवर जेवतात आणि पलंगावर झोपतात. त्यांची जमीन बहुतेक वेळ रिकामी असते. आमची रिकामी असते ती सकाळी नऊ ते अकरा. पहिल्या वर्षी घाण पाण्याची टाकी न धुताच मी यंत्र माळ्यावर टाकलं. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होऊन वारी संपली, दिंडी परतीला लागली, यंत्र खाली काढलं तर टाकीत बुळबुळीत थर आणि घरभर कुबट वास. ओल, मळ आणि ऊब मिळाली की जिवाणू एकमेकांना चिकटून असा थर बांधतात आणि तो नुसत्या पाण्यानं निघत नाही, ब्रशनं घासावा लागतो. आता टाकी, रूळ, गाळणी सगळं उन्हात खडखडीत वाळवूनच वर जातं.

पौर्णिमेनंतर पहिल्यांदा फरशी मावशींनीच धुतली, दोन बादल्या पाणी ओतून, खराट्यानं. वीस माणसांच्या पायांचा चिखल यंत्राच्या चमचाभर पाण्यानं निघणारा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून यंत्र परत कामाला लागलं. पलंग थोडा सरकला होता, तरी भिंती त्याच होत्या, त्यानं जुना नकाशा ओळखला आणि कडप्प्याच्या पट्टीपाशी येऊन नेहमीसारखं थांबलं. मावशींनी ते दोन्ही हातांनी उचललं. चाकं लोंबकळली की यंत्राचा पावलांचा हिशेब तुटतो. रोबोटशास्त्रात याला 'पळवून नेलेल्या रोबोटचा प्रश्न' म्हणतात, आपल्याला कुठे आणून ठेवलं ते त्याला स्वतःच शोधून काढावं लागतं. पट्टीच्या पलीकडे ठेवल्यावर ते जागच्या जागी एकदा गरकन फिरलं, लेझरनं ओटा पाहिला, गॅसची टाकी पाहिली, माठाची तिवई पाहिली. मग ओट्याच्या कडेनं पुसायला लागलं.