भूकंपाची वार्ता आणि नीरेच्या पुराची वर्दी

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला व सात हजार नऊशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या वेळीं आम्ही महसूल खात्यांत नवे कारकून होतों. पुढें कित्येक दिवस, "आज रात्रीं अमक्या वाजतां पुन्हां धक्का बसणार" अशा वार्ता गांवोगांव पसरत आणि लोक गोधड्या घेऊन अंगणांत निजत. कचेरींत येऊन जो तो विचारी, "भाऊसाहेब, सरकारी निरोप आला आहे काय?"

असा निरोप येणें शक्यच नव्हतें, व आजहि नाहीं. भूकंप अमुक दिवशीं अमुक ठिकाणीं होईल, हें आधीं सांगण्याची विद्या जगांत कोणासहि साधलेली नाहीं. जपानांत जी सूचना मिळते ती भूकंप सुरू झाल्यावर. जमिनींतून येणारी पहिली वेगवान पण सौम्य लाट यंत्रांस कळते, आणि मागून येणाऱ्या विध्वंसक लाटेपूर्वीं कांहीं सेकंद हातीं लागतात. दिल्लीचें राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्रहि धक्का होऊन गेल्यावरच त्याचें स्थळ व तीव्रता कळवितें. तेव्हां तारीख-वेळ सांगणारी वार्ता खोटी समजावी.

सुनामीची गोष्ट निराळी. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुमात्राजवळ उठलेल्या लाटेस तामिळनाडूच्या किनाऱ्यास येण्यास दोन तासांहून अधिक लागले. अवधि होता, पण वर्दी देणारी यंत्रणा हिंदी महासागरांत नव्हती. ती २००७ मध्यें हैदराबादेस उभी राहिली.

बारामती-इंदापुरास समुद्र नाहीं. परंतु असा अवधि देणारें संकट आमच्याकडेहि आहे, तें धरणांतून सुटणाऱ्या पाण्याचें. वीर धरणाचें पाणी नीरेनें दोन्ही तालुक्यांच्या दक्षिण शिवेवरून वाहत नरसिंहपुरास भीमेस मिळतें. त्याच वेळीं उजनींतून भीमेंत पाणी सुटलें असल्यास संगमाशीं तुंबारा होतो. वाटेंत जे थोडे तास जातात तेवढाच शेतकऱ्याचा अवधि. २०१९ च्या सप्टेंबरांत नाझरे धरणाचें पाणी कऱ्हेस सुटलें तेव्हां बारामती शहरांतील नदीकांठच्या हजारों लोकांस हलविण्यांत आलें, तें याच तासांच्या बळावर.

आमच्या नोकरींत धरणावरून दूरध्वनीनें आकडा येई. आम्ही तो नोंदवहींत उतरून घेऊं. मग वरिष्ठांची सही, मग तलाठी, मग कोतवालाची दवंडी. एका वर्षीं एका नदीकांठच्या गांवीं दवंडी वेळेवर झाली. तरीहि तेथील एका वृद्ध बागाईतदाराची मोटार, पाइप व कांठावर बांधलेल्या दोन म्हशी पाण्यांत गेल्या. आम्ही पंचनाम्यास गेलों तेव्हां ते म्हणाले, "भाऊसाहेब, आकडा ऐकला हो. पण पाणी माझ्या जांभळीपाशीं येईल कीं नाहीं, हें त्यांत कोठें होतें?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तो आकडा जसाच्या तसा उतरून पाठविला होता आमच्याच हातानें. क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, सुमारें २८ लिटर पाणी, हें आम्हांस पाठ होतें. त्याचा त्यांस काय उपयोग?

आतां दवंडीच्या जागीं मोबाइल आला आहे. २०२३ मध्यें आपत्ति-सूचनेची देशभर चांचणी झाली तेव्हां खिशांतला फोन एकाएकीं कर्कश वाजून पुष्कळजण दचकले. या रीतींत नंबरांची यादी लागत नाहीं. मनोऱ्याच्या टापूंतील सर्व फोनांवर संदेश एकदम जातो. सोय मोठी खरी. पण रात्रींच्या विजेवर उसास पाणी धरणारा गडी नदीकांठीं असतो आणि त्याचा फोन बहुधा घरीं चार्जिंगला! शिवाय जांभळीचा प्रश्न राहतोच.

तो गांवींच सोडवितां येईल. पूर आला असतां पाणी चढेल तेथें, पुलाच्या खांबावर अथवा घाटाच्या पायरीवर, पाणी ओसरतांच पांढऱ्या तेली रंगानें रेघ मारावी. शेजारीं तारीख व वीरचा विसर्ग लिहावा. तो आकडा पाटबंधारे खात्याकडून मिळतो. संगमाजवळच्या गांवांनीं उजनीचा आकडाहि लिहिला पाहिजे, नाहीं तर रेघ फसवील. पाणी केव्हां सुटलें व आपल्या घाटास केव्हां लागलें, हें वहींत टिपावें. दोन-चार पावसाळ्यांत गांवास स्वतःचें माप मिळेल आणि आकडा ऐकतांच मोटार उचलावी कीं नाहीं तें ठरेल.

निरवांगी, नरसिंहपूर व नीरेकांठच्या इतर गांवच्या ज्या सभासदांनीं अशा खुणा केल्या असतील, त्यांनीं त्या आम्हांस पोस्टकार्डानें कळवाव्या. आम्ही त्या एकत्र करून पुढील पावसाळ्यापूर्वीं याच मासिकांत छापण्यास देऊं.