म्हसळ्याचा कॉल आणि २६० बिट

म्हसळ्यात डोंगराआड रेंज पडली की आई म्हणते, "तुझा आवाज डब्यातून येतोय." त्यामागे चिपचा हिशेब आहे. जीएसएममध्ये दर २० मिलिसेकंदांचे १६० नमुने, प्रत्येकी १३ बिट, म्हणजे २०८० बिट. ते २६० मध्ये बसवायचे. त्यासाठी गुणाकार-बेरीज एका दमात करणारं सर्किट, तेही १६ बिटांच्या पूर्णांकी गणितावर. दशांशाचं गणित बॅटरी खातं.

नंतरच्या एएमआरची युक्ती मला जास्त आवडते. चॅनेल सेकंदाला २२.८ किलोबिटचाच, पण सिग्नल घसरला की आवाजाला १२.२ ऐवजी ४.७५ पर्यंत खाली आणायचं, उरलेली जागा चुका दुरुस्त करायला. आवाज पत्र्यासारखा होतो खरा, पण "डॉक्टरांनी अर्धीच गोळी सांगितलीय" यातलं 'अर्धीच' पोचायची शक्यता वाढते.