एक कोयता, दोन माणसं, बारा फोटो

फोटोफीचर घडतं ते सतरंजीवर. पोस्टकार्डाच्या आकाराच्या साठ-सत्तर प्रिंटा मांडायच्या, उभं राहून वरून बघायचं आणि एकेक उचलून बाजूला ठेवायची. नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) लग्नाच्या ऑर्डरी करता करता गावाची गोष्ट फोटोंतून सांगू पाहणारी पोरं प्रत्येक तालुक्यात भेटतात. कॅमेरे चांगले आहेत, पायांत बळ आहे. काढलेल्यातलं काय टाकायचं, हे शिकवणारं मात्र कुणी नाही.

मराठी नियतकालिकांना चित्रांचं वावडं कधीच नव्हतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या चित्रशाळेचं ‘चित्रमय जगत्’ निघू लागलं. त्यानंतरच्या काही दशकांचा हिशेब लवकर आटोपतो: ब्लॉक महाग, कागद सुमार, फोटो म्हणजे लेखाशेजारची शोभा. सलग पानं फोटोंना द्यायची असतात, हे इथल्या वाचकाने पाहिलं ते मुख्यतः ‘इलस्ट्रेटेड वीकली’त. ते साप्ताहिक १९९३ मध्ये बंद पडलं.

फोटोंचा क्रम कसा लावावा हे शिकायचं तर ‘लाइफ’ साप्ताहिकाकडे जावंच लागतं. ‘लाइफ’चा छायाचित्रकार युजीन स्मिथ १९४८ साली कोलोरॅडोतल्या क्रेमलिंग गावी डॉक्टर अर्नेस्ट सेरियानी यांच्यासोबत २३ दिवस राहिला. ‘कंट्री डॉक्टर’ उघडतं ते भरून आलेल्या आभाळाखाली, गवत माजलेल्या अंगणातून हातात बॅग घेऊन चाललेल्या डॉक्टरवर. शेवटी तोच डॉक्टर अपरात्री शस्त्रक्रिया आटोपून दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कॉफीचा कप घेऊन टेकलेला आहे. मधे रुग्ण येतात, जातात. पण निघालेला माणूस थकून टेकला, हे वाचकाच्या मनात राहतं. पुढे १९५१ च्या डिसेंबरात स्मिथने साउथ कॅरोलायनातली कृष्णवर्णीय सुईण मॉड कॅलन हिच्यावर ‘नर्स मिडवाइफ’ केलं. वाचकांनी आपणहून पैसे पाठवले आणि त्यातून १९५३ मध्ये तिचं क्लिनिक उभं राहिलं.

त्याच तोलामोलाची गोष्ट नगर जिल्ह्यात घडत होती. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे गावोगावच्या बायांना आरोग्याचं काम शिकवत होते. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. बाळंतपण करणं, पोरांची वजनं घेणं, घरोघर फिरून पाण्यापासून आहारापर्यंत समजावणं, हे सगळं त्या करू लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे मिळालं. या बायांवरचं मोठं सचित्र फीचर ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या डिसेंबर २००८ च्या अंकात आलं, मजकूर टीना रोझेनबर्ग यांचा, फोटो लिन जॉन्सन यांचे. काम उत्तम आहे. पण नगरहून जामखेडला एसटी जाते. जिल्ह्यातल्याच कुणीतरी वर्षभर तिथे जाऊन-येऊन, एका बाईच्या मागे उन्हापावसात चालून ही गोष्ट आधी करायला हवी होती, ही खंत जुन्या मंडळींच्या मनातून जात नाही.

गोष्टींना तोटा आजही नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातून दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात. पाथर्डीकडचा एक तरुण एका हंगामात टोळीबरोबर गेला आणि हजारावर फोटो घेऊन आला. सतरंजीवर सत्तर मांडले गेले. त्याचा सगळ्यांत लाडका फोटो सूर्यास्ताचा होता: तांबडं आभाळ आणि उसाने लादलेल्या बैलगाड्यांची काळी रांग. सर्वांत आधी तोच बाहेर गेला. तासभर वाद झाला. पण त्या फोटोत कुठल्याही कारखान्याच्या, कुठल्याही सालच्या गाड्या चालल्या असत्या. त्याच्या जागी पहाटेचा एक साधा, जरासा हललेला फोटो आला: पाचटाच्या कोपीपुढे चूल, तव्यावर भाकरी, दुसरी थापणारी बाई आणि तिच्या गुडघ्याशी टेकवून ठेवलेला कोयता. भाकरी झाली की तिला फडात जायचंय, हे त्या कोयत्यामुळे कळतं.

आरंभाला आलं गावातलं कुलूप घातलेलं दार. शेजारच्या ओट्यावर आजी, तिच्या मांडीवर मागे ठेवलेला नातू. मग संसार भरलेली गाडी, कोप्यांची वस्ती, फड, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई. मोळीचे अकरा फोटो होते, एकापेक्षा एक सरस. राहिला एकच. दुसरा कितीही देखणा असला तरी तो पहिल्याचं बळ खातो.

चांगल्या फोटोला शब्द लागत नाहीत, असं एक मत दर दिवाळीला हटकून ऐकू येतं. ते मांडणाऱ्यांनी फळीवरच्या त्या बाईकडे पाहावं. खाली ‘कष्टकरी महिला’ एवढंच छापलं तर ओळ वाया गेली. डोक्यावर भार आहे हे दिसतंच. सांगायचं ते न दिसणारं: तिला विचारून, तिची हरकत नसेल तर तिचं नाव, गाव, आणि हे की टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही, त्या एका कोयत्यावर मिळते. फोटोत दोन माणसं, हिशेबात एक कोयता. कुठल्याही लेन्समधून हे दिसणार नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत कष्टकरी बायकांचे फोटो काढले. ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’ या प्रदर्शनात त्या फोटोंशेजारी मजकूर ठेवावाच लागला. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं केलेलं कामही माणसाची हकीकत सोबत असते म्हणूनच काळजाला भिडतं.

फड हा शब्द उसाचा तसा तमाशाचाही. संदेश भंडारे यांचं ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ हे पुस्तक नवशिक्याने चाळू नये, मोजावं. किती फोटो बोर्डावरचे, किती बोर्डामागचे. कुठे मोकळी जागा सोडली आहे, कुठे दोन फोटो समोरासमोर येऊन एकमेकांशी बोलतात. तमाशा कलावंत कांताबाई सातारकर २०२१ मध्ये याच जिल्ह्यातल्या संगमनेरात वारल्या. तमाशाची एवढी मोठी परंपरा ज्या जिल्ह्यात नांदली, तिथल्या कॅमेऱ्यांनी हे पुस्तक उशाशी ठेवायला हवं.

राहिलं संपादकाच्या कानावर विषय घालणं. हल्ली त्याला पिच म्हणतात. आठशे फोटोंची लिंक पाठवणं म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारणं. पत्र आठ-दहा ओळींचं पुरतं: कोणाची गोष्ट, कुठली, यंदाच का, किती दिवस सोबत राहून काढली, माणसांची संमती आहे का. सोबत क्रमांक घातलेले बारा फोटो आणि बारा ओळी. एकच विषय एकाच वेळी दोन संपादकांकडे धाडू नये. नकार आला की मोकळेपणाने दुसऱ्याचं दार ठोठावावं. वेळही सांभाळावी. टोळ्या पाडवा ते अक्षय्य तृतीया या सुमारास परततात. वैशाखात निवड व्हावी, ज्येष्ठात पत्र जावं. गणपती बसल्यावर आलेल्या पत्राला संपादक काय करणार? दिवाळी अंकाची पानं तोवर लागलेली असतात.

पानंही आता राहिली नाहीत. गुळगुळीत कागदाचा रंगीत फर्मा जाहिरातींकडे गेला आणि फीचर चार फोटोंवर आलं. एका अंकाने या तरुणाच्या मालिकेतला फळीवरच्या बाईचा फोटो शीर्षकाला जागा हवी म्हणून खालून कापला. फळी गेली, ट्रक गेला. उरला फक्त मोळीखालचा घामेजलेला चेहरा, आणि ती बाई कुठे चढते आहे, पाय घसरला तर कुठे पडेल, हे सगळं पानाबाहेर राहिलं. फोटो कापायचा तर काढणाऱ्याला विचारून, एवढी रीत छापखान्यात शिसं होतं तेव्हा पाळली जात होती.

त्या मालिकेत अकराव्या जागी सतरंजीवर बरेच दिवस नुसतं कोरं कार्ड होतं. हिशेबाचा फोटोच नव्हता. तो आणायला तरुण पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी मुकादमाच्या ओसरीवर जाऊन बसला. चौथ्या दिवशी वही उघडली गेली. लाल रेघांचं पान, डावीकडे नावं, उजवीकडे उचल. नावं सगळी पुरुषांची. कडेला, पानावर अर्धवट पडलेल्या उजेडात, अंगठा टेकवायला पुढे आलेला एका माणसाचा हात, आणि त्याच्यामागे धूसर, उंबऱ्यात उभी राहिलेली त्याची बायको.