चार परीक्षा : दिव्या देशमुख हिची स्पर्धांतील वाटचाल



मुंबईहून निघालेली विदर्भ एक्सप्रेस नागपूर ओलांडून भंडारा, तुमसर, तिरोडा करीत गोंदियास येऊन थांबते. नागपुराहून हें अंतर सुमारें १३० किलोमीटरांचें. त्यामुळें २८ जुलै २०२५ रोजीं जॉर्जिया देशांतील बाटुमी शहरीं नागपूरच्या कु. दिव्या देशमुख हिनें बुद्धिबळांतील स्त्रियांचा जागतिक चषक जिंकला, तेव्हां गोंदियाकरांस शेजारघरच्या मुलीनें नांव काढल्यासारखें वाटलें, तर त्यांत नवल नाहीं. त्या वेळीं तिचें वय अवघें १९ वर्षांचें होतें. त्याच विजयानें ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. हा किताब मिळविणारी ती चौथीच भारतीय स्त्री होय. कोनेरु हंपी, द्रोणवल्ली हारिका व आर. वैशाली या तिच्या आधींच्या तिघी.

असें यश एका दिवसांत लाभल्यासारखें दिसतें. वस्तुतः त्यामागें अकरा वर्षांच्या स्पर्धा होत्या. त्या स्पर्धा एकाच जातीच्या नसतात, आणि प्रत्येक जात खेळाडूची निराळी परीक्षा घेते. ही गोष्ट ध्यानीं घेतली म्हणजे दिव्याच्या वाटचालीचा अर्थ नीट उलगडतो.

पहिली जात स्विस पद्धतीची. खेळाडू शेंकडों असले म्हणजे प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळणें अशक्य होतें. म्हणून दर फेरीस सारख्या गुणांच्या खेळाडूंची गांठ घालून देतात. जों जों जिंकावें तों तों प्रतिस्पर्धी अधिक कठीण. येथें कस लागतो तो सातत्याचा. डिसेंबर २००५ मध्यें जन्मलेली दिव्या २०१४ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील डर्बन येथें दहा वर्षांखालील मुलींत जगज्जेती झाली, व २०१७ सालीं ब्राझिलमध्यें बारा वर्षांखालील मुलींत. पुढें २०२३ सालीं कझाकस्तानांतील अल्माटी येथें तिनें आशियाई महिला अजिंक्यपद मिळविलें, आणि जून २०२४ मध्यें गांधीनगर येथें वीस वर्षांखालील मुलींचें जागतिक विजेतेपद ११ पैकीं १० गुणांनीं जिंकलें.

दुसरी जात साखळी स्पर्धेची. हिच्यांत मोजकेच खेळाडू, पण प्रत्येकाची प्रत्येकाशीं गांठ. जुन्या काळीं मोठमोठ्या स्पर्धा बहुधा याच पद्धतीनें होत. स्लोव्हेनियाचे मिलान विडमार यांची कीर्ति अशाच स्पर्धांतली. विद्युत् अभियांत्रिकीचे हे प्राध्यापक अध्यापन सांभाळून खेळावयास जात. १९२२ सालीं लंडन येथें कापाब्लांका व अलेखिन यांच्या खालोखाल ते तिसरे आले. १९२७ सालीं न्यूयॉर्क येथें चौथे आले. साखळी स्पर्धेंत दुर्बळ प्रतिस्पर्ध्यांच्या आड लपतां येत नाहीं, आणि एका पराभवानें घरीं परतावें लागतें असेंहि नाहीं. हरल्यावर दुसऱ्या दिवशीं पुन्हा पटापुढें बसण्याचें धैर्य हीच येथली परीक्षा.

या जातीनें दिव्याला गोड व कडू दोन्ही चवी दिल्या. २०२३ सालीं कोलकाता येथील टाटा स्टील जलदगति स्पर्धेंत तिला आयत्या वेळीं बदली खेळाडू म्हणून घेण्यांत आलें होतें, व मानांकनांत ती सर्वांच्या खालीं होती. तरी जगज्जेत्या जू वेनजुन हिला मागें टाकून तिनें पहिला क्रमांक पटकाविला. उलट जानेवारी २०२४ मध्यें नेदरलंड्समधील वाइक आन झे येथें चॅलेंजर्स गटांतील चौदा खेळाडूंत ती बारावी आली.

तेथून परततांना तिनें जाहीरपणें लिहिलें तें मात्र पराभवाविषयीं नव्हतें. आपण मनाजोगे कांहीं डाव खेळलों, पण प्रेक्षकांचें लक्ष डावांपेक्षां आपल्या कपड्यांकडे, केसांकडे व बोलण्याच्या ढबीकडेच अधिक होतें, असा तिच्या लिहिण्याचा आशय होता. पुरुष खेळाडूच्या वांट्यास हें क्वचितच येतें. अठरा वर्षांच्या मुलीनें हें उघड सांगावें यालाहि एक प्रकारचें धैर्य लागतें. मुलीला खेळांत घालणाऱ्या प्रत्येक घरानें ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

तिसरी जात सांघिक स्पर्धेची. येथें आपल्या डावावर इतर तिघींचें यशहि अवलंबून असतें. सप्टेंबर २०२४ मध्यें बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्यें भारताच्या महिला संघानें प्रथमच सुवर्णपदक मिळविलें. तिसऱ्या पटावर दिव्यानें ११ डावांत साडेनऊ गुण केले, एकहि डाव गमावला नाहीं, आणि वैयक्तिक सुवर्णपदकहि घेतलें.

चौथी जात बाद पद्धतीची, आणि सर्वांत निर्दय. दोघींनीं दोन संथ डाव खेळावयाचे. गुण सारखे झाल्यास जलदगति डाव. हरेल तिचा मुक्काम संपला. बाटुमीस १०७ खेळाडू होत्या व दिव्याचें मानांकन १५ वें होतें. चौथ्या फेरींत तिनें दुसरें मानांकन असलेल्या चीनच्या झू जिनर हिला घालविलें. उपान्त्यपूर्व फेरींत हारिका, व उपान्त्य फेरींत माजी जगज्जेती तान झोंगयी. या शेवटच्या लढतींतील निर्णायक डाव १०१ खेळ्यांपर्यंत चालला.

अंतिम सामना दोन भारतीय स्त्रियांत झाला, ही गोष्टहि अपूर्वच. समोर कोनेरु हंपी होत्या. त्यांना ग्रँडमास्टर किताब मिळाला तो २००२ सालीं, म्हणजे दिव्याच्या जन्माच्याहि आधीं. दोन्ही संथ डाव बरोबरींत सुटले. मग प्रत्येकीस १५ मिनिटें व दर खेळीमागें १० सेकंदांची भर असे जलदगति डाव झाले. पहिला पुन्हा बरोबरींत. दुसऱ्यांत दिव्याकडे काळीं मोहरीं होतीं. डाव लांबला, घड्याळांतील वेळ आटत गेला, आणि अखेरच्या अवस्थेंत हंपी यांच्या हातून चूक झाली. दिव्यानें तिचा लाभ उठविला. डाव संपतांच तिला अश्रु आवरले नाहींत, व बाहेर येऊन तिनें आईला मिठी मारली.

ग्रँडमास्टर किताबाची नेहमींची वाट लांबची आहे. तीन स्पर्धांत ठराविक दर्जाची कामगिरी दाखवावी लागते व २५०० गुणांचें मानांकन गांठावें लागतें. जागतिक चषक जिंकणाऱ्या स्त्रीस मात्र तो किताब थेट देण्याचा नियम आहे. दिव्याला तो या वाटेनें मिळाला, व त्याबरोबरच २०२६ सालच्या कँडिडेट्स स्पर्धेचें दारहि उघडलें. वाट जवळची असली तरी सोपी नव्हती, हें वरील फेऱ्यांवरून दिसतेंच.

नागपूरचे रौनक साधवानी २०१९ सालीं व संकल्प गुप्ता २०२१ सालीं ग्रँडमास्टर झाले होते. म्हणजे नागपुरांत राहून हें शिखर गांठतां येतें हें तीनदां सिद्ध झालें आहे. परंतु आपल्या घरांतील मुलांनीं दिव्याकडून घ्यावयाचें तें चषकापेक्षां जानेवारी २०२४ पासून जुलै २०२५ पर्यंतच्या अठरा महिन्यांतून घ्यावें. बाराव्या क्रमांकावर आलेली मुलगी पुन्हा पटापुढें बसली, म्हणूनच पुढचें सारें घडलें.

स्पर्धेंत खेळाडूला आपली प्रत्येक खेळी कागदावर लिहावी लागते. तेव्हां एखाद्या संध्याकाळीं आपली मुलगी स्पर्धेहून हिरमुसली होऊन घरीं आली, तर ‘जिंकलीस का?’ हा प्रश्न तिला विचारूं नका. तो कागद मागा, पट मांडा, आणि म्हणा, ‘बस, डाव दाखव.’